जर्मनचा गंज

आमच्याकडे गंज म्हणजे भांडं.
भाताचा गंज, अंबाडीच्या भाजीचा गंज,
लग्नात कुणी दिलेला, कडेनं चेपलेला गंज.
लोखंडावर चढतो तोही गंजच.
आणि बाबांचं विमान जर्मनचं,
म्हणजे दुकानात ज्याला ॲल्युमिनियम म्हणतात त्याचं.
म्हणून आई पहिल्याच दिवशी म्हणाली,
"जर्मनच्या गंजात रातभर पानी ठेवत नाई कोनी.
तुमी तं त्यालेच पान्यात ठेवता."

बाबा हसले नाहीत.
हिंगण्याच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं
एसटीच्या पाठीत रिबिटं ठोकलेला माणूस.
त्याला ठाऊक असतं पाणी कुठून शिरतं:
जिथे पत्र्यावर पत्रा बसतो,
जिथे कुणी घाईत स्टीलचा स्क्रू पिळतो.
दोन धातू शेजारी, मध्ये ओल.
भांडण आवाज न करता चालतं
आणि झिजतो तो नरम असलेला.

तलाव गोडा आहे. समुद्र मी पाहिलेला नाही.
पण बांध्यांतला युरिया उतरतो,
शिंगाड्याचे वेल कुजतात, म्हशी बसतात,
आणि हिवाळ्यात गोठ्यात उभ्या विमानाच्या पोटात
उंदीर धानाचा कोंडा नेतात, मुततात.
"यापेक्षा मीठ परवडलं," बाबा म्हणतात.

शनिवारी मी फ्लोटची बुचं काढते.
प्रत्येक कप्प्याचं पाणी वेगळ्या वाटीत. हुंगते.
मग विहिरीचं पाणी, मग बाबांचा जुना दुपट्टा,
मग सांध्यांत बोटानं भरायची
कुरमारांच्या लोकरीतून उकळून काढलेली चरबी.
तिचा वास असा, की गावातली कुत्री
पंखाखालीच झोपतात.

गोठ्याच्या दाराशी खिळ्याला डबा आहे.
खर्रा इथे ठेवा. हात धुवा.
चुना जर्मनला खातो.

दसारामकाका वलथरे हात धुवायला विसरत.
डोंग्यात वाढलेले ढिवर,
विमानालाही डोंगाच म्हणायचे.
बाबा बाहेरून ठोकत,
काका पंखाच्या आत हात घालून लोखंड धरत,
प्रत्येक धक्का मनगटात घेत.
नऊ हजारांवर रिबिटं.
तिसऱ्या वर्षी त्यांचं तोंड उघडेना.
आधी भाकर कुस्करून, मग पेज,
मग दातांच्या फटीतून नळी.
पोळ्याच्या आदल्या दिवशी गेले.

यंदा डाव्या पंखाखाली,
सातव्या फासळीजवळ, रंगाला फोड आला.
खरवडला तर पांढरी भुकटी.
फुंकली तर खाली अंगठा.
पुरा अंगठा: रेघा,
आणि मधून आडवी चीर,
जाळ्याच्या दोरीनं कधीतरी कापलेली.

बाबांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
"काढ," म्हणाले.
"एवढा राहू द्या ना."
"रंगाखाली जिवंत राह्यते ते, पोरी. चरत जाते."

कागद, पाणी. कागद, पाणी.
रेघा आधी गेल्या, चीर शेवटी.
चकाकी आल्यावर नख फिरवलं. नख अडलं.
बाबांनी खोली मोजून पाटीवर लिहिली,
पत्रा अजून पुरतो म्हणाले,
आणि तासाच्या आत हिरवट अस्तर मारायला लावलं,
कारण उघड्या जर्मनला तासही फार होतो.

आता वरून पांढरा रंग आहे.
विमान आजवर एकदाच उठलं,
पाण्यापासून दीड बांबू,
आणि शिंगाड्यांत येऊन बसलं.
परवानगीचा कागद अजून यायचा आहे.

पण शनिवारी पुसता पुसता
सातव्या फासळीशी दुपट्टा
जरासा खाली जातो,
मी तिथे थांबते,
आणि आई विहिरीवरून ओरडते
की तिचाही एक गंज घासायचा राहिलाय.