जर-तरचा तास

कॅनडा कॉर्नरला, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत
मंगळवार-शुक्रवार साडेसहाला फ्रेंच.
दोन नर्सेस, त्यांना खऱ्या कॅनडाला जायचंय.
एक मुलगा, त्याला कुठेच जायचं नाहीये.
आणि मी, दिंडोरीच्या वायनरीतून तडक,
बोटांना अजून टाकीतला आंबूस वास.

साळवे सर शरणपूरचे. खडू जपून वापरतात.
पुव्वार, प्यू. साव्वार, स्यू. व्वार, व्यू.
एवढं ऐसपैस क्रियापद,
होऊन गेलं की एवढंसंच उरतं.
नियम? नियम नाही. पाठ करा.
दव्वारचं द्यू, त्याला टोपी घाला,
नाहीतर भलताच शब्द होतो.
ज़ोरे द्यू.
म्हणजे, मी करायला हवं होतं.

जाणं-येणं असेल तर कर्ता लपत नाही, सर म्हणाले,
बाई असेल तर शेवटी एक ए, मुका.
ऐकू येत नाही, पण लिहावा लागतो.

मी वहीच्या कडेला ताडून पाहिलं:
मी गेले असते. यात मी दिसते.
मी सांगितलं असतं.
यात कोण बाई, कोण बुवा,
क्रियापद कुणाचंच नाव घेत नाही.

घरी पाच वाक्यं, ‘सि’ने सुरुवात करून.
मी एकच नेलं.
गॅसच्या मीटरची बॅटरी संपलीय हे
मी सोमवारीच सांगितलं असतं तर
लहानू भोये चार नंबरच्या टाकीत उतरला नसता.

सरांचा लाल पेन:
‘सि’च्या मागे ‘असतं’ चालत नाही.
तिथे नुसतं ‘होतं’. ‘असतं’ फक्त दुसऱ्या अर्ध्यात.
सर, आमच्याकडे दोन्हीकडे असतं.
आपल्याकडे, ते म्हणाले.
मग वाक्य पुन्हा वाचलं, ओठ न हलवता.
हा लहानू कोण?
उदाहरण, सर.

खाली रिक्षावाला पंचवटी, पंचवटी ओरडत होता.
नर्सेस दप्तर भरू लागल्या.
सरांनी पेनाला टोपण लावलं, परत काढलं.
इथे शेवटी एक ए जास्तीचा पडलाय, म्हणाले,
हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं.
उतरला तो.
तुम्ही नाही.

मी खोडरबर घेतला.
शाईचं होतं.