विरोधात एक

ब्लेअरगाउरीत माझं औषधांचं दुकान आहे.
म्हणजे दुकान कंपनीचं, पांढरा कोट तेवढा माझा.
ती पहिल्यांदा आली जूनमध्ये, मलम मागायला.
हात काउंटरवर ठेवले, उताणे,
सुटे पैसे मांडावेत तसे.
पेरापेरांत लाल शिरलेलं, नखांच्या कडेला काळं पडलेलं.
मी विचारलं, दिवसाला किती किलो?
ती दचकली. असं इथं कुणी विचारत नाही.
म्हटलं, मी भिलारची. आमच्याकडेही स्ट्रॉबेरीच.
माझ्या आईचे हात मार्चपर्यंत असेच असायचे.

बुरुलचा असानालीएवा.
लेबलावर मी नाव चुकवलं.
तिनं माझ्याच हातातलं पेन घेऊन सुधारलं.
पगाराच्या चिठ्ठीवरही तिनं तेच केलं होतं म्हणे:
नऊ तास खोडून अकरा.
मुकादम हसला होता. पुढच्या आठवड्यात
सगळ्या चिठ्ठ्यांवर खाडाखोड आली,
तेव्हा हसला नाही.

सहा बायका, एक कॅरव्हॅन.
भिंतीची बुरशी उशीपर्यंत आलेली,
भाडं मात्र मजुरीतून आधीच कापलेलं.
तिनं खोक्याचा पुठ्ठा फाडून मागण्या लिहिल्या,
किर्गिझ, रशियन, ताजिक, आणि इंग्रजी.
इंग्रजी मी तपासलं.
एक स्पेलिंग माझ्या नजरेतून सुटलं, ते तसंच मालकापर्यंत गेलं.
याला राजकारण म्हणतात, हे तेव्हा
आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

सहा महिन्यांचा शिक्का. परत जाणं. पुन्हा शिक्का.
मग ट्रॅक्टर दुरुस्त करणारा इव्हर मकरॉस्टी.
लग्नाला साक्षीदार मी, आणि डबा माझ्याच घरचा.

मावशीला त्यांच्यात ताय-एजे म्हणतात.
मी म्हटलं, आमच्यात ताई म्हणजे थोरली बहीण.
ती म्हणाली, जवळपासच आहे.
तिची ताय-एजे चुईच्या खोऱ्यात बीट उपटायची.
कुणापेक्षा तरी जास्त उपटलं, म्हणून बिल्ला मिळाला,
बिल्ला होता म्हणून फ्रुंझेच्या सभागृहात खुर्ची.
सतरा वर्षं तिनं हात वर केला, सगळ्यांबरोबर.
"विरोधात?" असं विचारायचे तिथं,
उत्तरासाठी थांबायचे नाहीत.
घरी येऊन ती दोन्ही हात कोमट तेलात बुडवून बसायची.
दोन्ही इतके सुजलेले
की मतदानाचा कुठला, ओळखू येऊ नये.

बुरुलचा निवडणुकीला उभी राहिली तेव्हा
एका म्हातारबुवांनी दार उघडून विचारलं,
परत कधी जाणार तू?
ती म्हणाली, साडेपाचला, शेवटची बस आहे.
त्यांनी चहा पाजला. मत दिलं की नाही कोण जाणे.
पहिल्या पसंतीत ती मागेच होती.
मग दुसरी, तिसरी, चौथी,
तळाला एकेक फळ पडत पाटी भरावी
तशी भरली.

पर्थच्या सभागृहात तिसऱ्याच बैठकीत ठराव आला:
शेतांकडे जाणारी रविवारची बस बंद.
बाजूने? हात. हात. खूप हात.
विरोधात?
इथं थांबतात.
त्या थांबण्यात, ती म्हणते,
तिला बीटचा वास आला.
तिनं हात वर केला, आणि तोंडातून
इंग्रजी यायच्या आत आपलंच आलं: जोक.
जोक म्हणजे नाही.
मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.
मला हे तिनं सांगितलं तेव्हा मीसुद्धा.

ठराव मंजूर झाला. बस गेली.
आता रविवारी इव्हरच्या व्हॅनमध्ये
पान्यांच्या पेटीशेजारी अंग चोरून
बायका गावात येतात, सिमकार्ड घेतात, माझ्याकडून पट्ट्या.
अध्यक्षांनी तिला विम्याबद्दल पत्र पाठवलंय.

काल ती मलम न्यायला आली.
म्हटलं, आता कशाला गं?
तिनं हात काउंटरवर ठेवले.
सुटीच्या दिवशी अजून तोडते.
म्हणते, नाहीतर किलोचा भाव विसरायला होतो.
उजवा जरा जास्त सुजलेला वाटला.
मी नीट पाहणार तोवर
मागचा गिऱ्हाईक खोकला,
आणि तिनं हात खिशात घातले.