दंडाचा डबा

नववी ब. मॉनिटर मी.
म्हणजे खडू आणायचा, प्रार्थनेची रांग सरळ करायची
आणि कुणाच्या तोंडून मराठी निसटली
की शंभर पानी वहीत नाव लिहायचं.
एका वाक्याला पाच पैसे.
टेबलावर दूध पावडरचा डबा, झाकणाला चीर;
ती सिस्टर लिओकादियांनी स्वतः पाडली होती
सुताराकडून छिन्नी मागून आणून.

सगळ्यात जास्त दंड शाकिरा मुजावरचा.
ती भांडायची मराठीत, हसायची मराठीत,
गणित चुकलं की "बोंबला!" म्हणायची
आणि महिनाअखेरीस चौकोनी नाणी मोजून द्यायची
दुकानात उधारी फेडावी तशी, मान वर करून.

रोझलिन बारदेस्कर चॅपेलच्या जिन्यावरून पडली
आणि "आई गं" ओरडली.
मी लिहिलं.
गुडघा फुटला होता तिचा. तरीही लिहिलं.
"आई गं हे वाक्य आहे का?"
तिनं मधल्या सुट्टीत विचारलं, बँडेज सारखं करत.
व्याकरणात मी वर्गात पहिली.
मला उत्तर आलं नाही.

पालकसभेला आई आली उद्यमनगरातून चालत,
ठेवणीतलं इरकल नेसून,
बोटांना अजून पिठल्याच्या लसणाचा वास.
सिस्टरनी इंग्रजीत काही विचारलं. तिनं मान हलवली.
मग सिस्टर मराठीत म्हणाल्या,
"तुमचा मुलगी फार हुशार."
मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.
आई हसली नाही, बोललीही नाही.
बाहेर बदामाच्या झाडाखाली
तिनं पदराची गाठ सोडून दाखवली: एक रुपया.
"म्हटलं, लागलाच दंड तर असू दे जवळ.
पर मोडू वाटंना बघ."
वीस वाक्यं झाली असती त्यात.
मी लगेच हिशोब केला. मॉनिटरच होते ना.

जानेवारीत, वाऱ्यावरून
गुऱ्हाळांचा वास वर्गात येऊन बसतो त्या दिवसांत,
शिपाई तार घेऊन आला.
फळ्यावर कर्मणी प्रयोग चालला होता.
सिस्टरनी कागद उलगडला, वाचला,
आणि उभ्या उभ्या म्हणाल्या,
"मांय."

एवढंच.
त्यांच्या मंगळूरकडचा शब्द असणार,
पण आम्हाला आमच्याच गल्लीतला वाटला.
शाकिरानं माझ्याकडे पाहिलं.
मग सगळ्या वर्गानं.
वही माझ्यासमोर उघडी, पेनचं टोपण दातात.

सिस्टरनी झग्याच्या खिशात हात घातला,
बराच वेळ चाचपला,
आणि एक नाणं काढून चिरीत सोडलं.
खणकन आवाज आला.
मग त्या फळ्याकडे वळल्या,
अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं,
पूर्णविराम दिला, हात झटकले
आणि बसची वेळ विचारत निघून गेल्या.

पंधरा दिवसांनी परत आल्या.
डबा तिथंच होता, दंडही चालूच राहिला.
फक्त माझं ऐकणं जरा कमी झालं.
शाकिरा म्हणायची, "बहिरी झालीस काय गं?"
आणि तेही मी ऐकायची नाही.

वही अजून आहे, शिलाई मशीनच्या खणात.
शाकिरा सत्तेचाळीस. रोझलिन एक.
आणि जानेवारीच्या एका तारखेपुढं
नावाचं पहिलं अक्षर,
काढून थांबलेलं.
खोडलं नाही मी ते.
पुढं लिहिलंही नाही.