बंदर क्रमांक आठ हजार ऐंशी

चिलोए बेटावर, अंकुदच्या बंदर-कचेरीत
एक प्रोग्रॅम होता, भरती-ओहोटी सांगणारा.
एलेओदोरो बार्रियानं लिहिलेला, फोर्ट्रानमध्ये,
त्याचे केस काळे होते तेव्हा.

प्रोग्रॅमला खुर्ची एकच.
बाकीच्यांनी खिडकीशी उभं राहायचं,
कुणी पिशवीत शिंपले, कुणी नवे बटाटे घेऊन:
बघा ना हो, मंगळवारी पाणी किती उतरेल?
तो तारीख टाइप करायचा. यंत्र गुरगुरायचं,
हिरव्या अक्षरांत उत्तर,
आणि शेवटी एक टिंग.

यास्ना मान्सिया आली, तेव्हा सगळे म्हणाले,
मोड हे, नव्यानं लिही.
तिनं तीन रात्री कोड वाचला.
चंद्र-सूर्याच्या सदतीस चाली,
आणि अकराशे सहाव्या ओळीवर
अकरा मिनिटांची भर, कुठल्याच पुस्तकात नसलेली.
शेजारी टिपण:
"आई म्हणते, पुदेतोच्या मुखाशी पाणी रेंगाळतं. काढू नये."

तिनं काढली नाही.

इथल्या लोकांना घर न मोडता हलवता येतं.
खाली ओंडके सारतात, बैल जुंपतात,
आणि पडद्यांसकट, भिंतीवरल्या फोटोंसकट
घर टेकडी उतरून जातं.
शेजारी दोर ओढतात, पैसे घेत नाहीत,
संध्याकाळी पोटभर जेवतात. इर्जिकच ती.

यास्नानंही दोर मागितले.
लिनक्स कुणाचं, सर्व्हर कुणाचा,
ब्रनोमधला कुणी, ढाक्यातली कुणी,
अंकुद नकाशात कुठे आहे हेही ठाऊक नसलेले.
त्यांचा कोड फुकट, तळाशी नावांची यादी,
अट एवढीच की यादी पुसायची नाही.
ह्यांना जेवू कसं घालायचं?
त्यांच्या कोडात तिला एक चूक सापडली,
दुरुस्त करून परत पाठवली.
तेवढाच बटाटा.

मग प्रोग्रॅमच्या तोंडाशी तिनं एक निरोप्या बसवला.
बाहेरून विनंती आली की तारीख आत सरकवायची,
शेवटचा टिंग गिळून टाकायचा,
अंक बाहेर द्यायचे.
आतल्याला अजून वाटतं,
खुर्चीवर एलेओदोरोच आहे.
दाराचा नंबर आठ हजार ऐंशी.
हो, संगणकातही त्याला बंदरच म्हणतात.

पहिल्या आठवड्याच्या नोंदी:
पहाटे चार बारा, काउलिनहून, शैवाल वेचणारं कुणीतरी.
चार वीस. चार बावीस.
उधाण विचारणारे, भांग विचारणारे.
खिडकीशी कुणी नाही.
एलेओदोरो येतो, टोपी मांडीवर ठेवून बसतो.
बटाटे हल्ली विकत आणतो.

आणि रोज रात्री एक विनंती, एकाच फोनवरून:
बावीस मे एकोणीसशे साठ.
त्या दुपारी जमीन हलली, मागोमाग समुद्र आत आला.
कुणाचं कोण गेलं, हे अंकुदमध्ये विचारत नाहीत.
प्रोग्रॅमला चंद्र ठाऊक, सूर्य ठाऊक,
आणि पुदेतोची अकरा मिनिटं.
तो त्या दुपारचं पाणी सांगतो, सेंटिमीटरपर्यंत,
इतर कुठल्याही दुपारसारखं.

उत्तराखाली एखादी ओळ घालावी
असं यास्नाला एकदा वाटलं.
बोटं कळांवर टेकवली, बराच वेळ,
मग उचलली.

नोंद म्हणते: विनंती पोचली, उत्तर दिलं. दोनशे.