डावी ट्यूब, उजवी ट्यूब

पहाटे साडेचारला ससून डॉकवर
मी माझं दुकान मांडते:
घडीचं टेबल, स्पिरिट, कापूस
आणि पारदर्शक कागदांची चळत.
कागद जखमेवर धरायचा,
काळ्या पेनाने कड गिरवायची,
मग खाली आलेखाचा कागद सरकवून
चौकटी मोजायच्या.
अर्धी किंवा जास्त आत आली, तर धरायची.
त्याहून कमी, सोडून द्यायची.
एवढंच माझं शास्त्र.

कोलंबी सोलणाऱ्या बायका
बर्फातून हात काढून पुढे करतात,
घासलेली भांडी पालथी घालावीत तसे.
नखाच्या कडेला काटा,
पेराशी चीर, चिरेत मीठ.
जखमेवर मीठ चोळणे:
शाळेत मी याचा वाक्यात उपयोग केला होता,
पाचपैकी पाच.
इथे त्याचे पाटीमागे पैसे मिळतात.

क्रमांक एकोणीस, चंद्रव्वा.
वय? ‘लिही पन्नास.’
जखमेचं कारण? ‘कोलंबीला विचार.’
किती दिवसांची? ‘कुठली?’
फॉर्म भरता भरता
तिची टोपली भरायची राहिली,
मुकादम ओरडला.

तिला दोन ट्यूब दिल्या.
डावी डाव्या हाताला, उजवी उजव्याला.
एकीत औषध, एकीत नुसतं मेण.
कुठलं कशात, मला माहीत नाही,
माझ्या मॅडमना माहीत नाही,
परळच्या एका कपाटातल्या
सीलबंद पाकिटाला तेवढं माहीत.
‘म्हणजे सगळ्याच आंधळ्या,’ ती म्हणाली.
मी चमकून पाहिलं.
पद्धतीचं नाव तेच आहे.

मंगळवारमागून मंगळवार.
डावी बेचाळीस, उजवी एकोणचाळीस.
मग एकतीस, तीस.
मग बावीस, बावीस.
रात्री कागद एकावर एक ठेवून
दिव्यापुढे धरले:
कडा आत आत येत होत्या,
खाडीत भराव टाकत
जमीन पुढे सरकवावी तशा.
मी झोपते ती खोलीही भरावावरच आहे.
पायाखाली कुणी किती पाट्या ओतल्या,
कुणी मोजल्या नसणार.

सहाव्या मंगळवारी विचारलं,
डावी डाव्यालाच लावता ना?
‘छे. दोन्ही एका वाटीत पिळते,
कालवते, मग दोन्ही हातांना.
एकाला खरं, एकाला खोटं,
असं कसं करू?
सोलताना दोन्ही लागतात.’
आणि उरलेलं?
तिने हनुवटीने शेजारीण दाखवली.
क्रमांक वीस.

मॅडम फोनवर बराच वेळ गप्प होत्या.
मग म्हणाल्या, एकोणीस काढ.
थोड्या वेळाने पुन्हा फोन,
वीसही काढ.

चंद्रव्वाला कसं सांगावं
याची जुळवाजुळव करत होते,
तर तिनेच विचारलं,
कातडी आता पहिल्यासारखी होणार का?
नाही म्हटलं. वणाला मूळ कातडीचा जोर येत नाही.
फार तर ऐंशी टक्के.
तिने ओठांत हिशेब केला.
‘रुपयाला वीस पैसे तूट.
बर्फात याहून जास्त जातं.’

पुढच्या मंगळवारी ती रांगेत होतीच.
यादीत नाव नसलेले दोन हात
टेबलावर पालथे.
मी काही बोलले नाही.
कागद ठेवला, कड गिरवली.
डावी मिटली होती, गुलाबी, चकचकीत,
नवी कातडी असते तशी थोडी अनोळखी.
उजवीत एकच चौकट,
तीही अर्ध्याहून कमी.
नियमाने शून्य.

मी ती धरली,
वहीच्या मागच्या पानावर,
तारीख घालून.

‘झालं का गं?’ ती म्हणाली,
‘बर्फ वितळतोय.’