एक नंबर

खर्डेकर डॉक्टरांची फियाट टोचन करून आणली
उद्यमनगरात, आमच्या शेडपुढं.
साल चौसष्टची, रंग दुधी, बॉनेटखाली उंदरांचं घरटं.
सेल्फ मारला की कार्बोरेटरमधून शिंकायची,
एवढीशी ज्वाळ दिसायची
आणि मग गप्प.
"पुण्याच्या मेकॅनिकनं सगळं नवं घातलंय," डॉक्टरांचा मुलगा म्हणाला,
"प्लग, पॉइंट, कंडेन्सर, वायरी."
मग चालत का नाही,
हे त्यानं मला विचारलं नाही.
माझ्या खांद्यावरून मागं बघत अब्बांना विचारलं.

अब्बांना ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं भिंतीला लागून पॉवर हॅमर होता.
त्यांनी पोराच्या ओठांकडं बघितलं
आणि बोट केलं माझ्याकडं.

एक नंबरचा प्लग काढला.
भोकावर अंगठा ठेवला, दुसऱ्या हातानं
पाना लावून पुली फिरवत गेले.
पिस्टन वर येतो दोनदा.
सांगतात सगळेच, पण ते अंगठ्याला कळावं लागतं:
एकदा येतो जळका धूर बाहेर ढकलत, रिकामाच,
एकदा येतो छाती भरून.
पुलीवरची खूण दोन्ही वेळा तीच.
खूण खोटं बोलत नाही. अर्धंच बोलते.

फुस्स.
अंगठा उचलला गेला. हा खरा.
टोपी उघडली तर आत रोटर
चार नंबरकडं तोंड करून बसलेला,
रुसलेल्या जावयागत.
म्हणजे ठिणगी पडत होती की,
चांगली निळी, कडक पडत होती,
फक्त घरात कोणी नसताना.

डिस्ट्रिब्युटर उपसला, रोटरला अर्धा फेरा दिला, परत बसवला.
पुली खुणेच्या जरा अलीकडं आणली.
पॉइंटच्या फटीत सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद,
एका हातानं तो ओढत धरायचा,
दुसऱ्यानं डिस्ट्रिब्युटर वळवायचा, मुंगीच्या चालीनं,
आणि कागद सुटला की
श्वाससुद्धा न घेता बोल्ट आवळायचा.

पहिल्या सेल्फला लागली.
उंदरांचं गवत जळल्याचा वास, शेजारच्या फाउंड्रीतला पोरगा बघायला आला.
अब्बांनी मडगार्डवर तळहात ठेवला,
डोळे मिटले,
मग चिमटीत दाखवलं: केसभर पुढं.
मी दिलं केसभर.
आता बोलल्यागत चालायला लागली.
"पुस्तकात किती डिग्री लिहिलंय?" मुलानं विचारलं.
म्हटलं, पुस्तकाच्या वेळचं पेट्रोल आणा,
मग पुस्तक उघडू.

पन्हाळ्याच्या वाटेला लागलो, बघायला.
मी स्टेअरिंगवर, मुलगा शेजारी, अब्बा मागं.
वाघबीळच्या चढाला, तिसऱ्या गिअरला, पाय दाबला
आणि आलं ते,
डब्यात खिळे हलवल्यागत, बारीक.
"मला तर काही ऐकू आलं नाही," मुलगा म्हणाला.
मी गाडी कडेला घेतली.
आरशात अब्बा: चपला काढलेल्या,
दोन्ही तळवे पत्र्याला टेकलेले.
"जैबू," एवढंच म्हणाले.
"व्हय," म्हणाले मी, त्यांना न ऐकू जाईल असं,
आणि बॉनेट उघडलं.
तापल्या डिस्ट्रिब्युटरला पदर गुंडाळून धरलं,
दिलेलं केसभर निम्मं परत घेतलं.

तोच चढ पुन्हा, तिसराच गिअर, पाय तळाला.
ऊस, वळण, म्हशींचा कळप, वळण.
वर पोचेपर्यंत कोणी बोललं नाही.
आरशात बघितलं:
अब्बा चपला घालत होते.