बांडगूळ

येळवशीची दुपार. भज्जी-उंड्यांनी सुस्तावलेली लेकरं
कडब्याच्या कोपीत माझ्या अंगावर रेलून.
बाहेर आंब्यावर बसलिंगदादा, हातात कोयता,
बांडगूळ तोडतोय.
थपाक. थपाक. केशरी फुलांसकट.

म्हणून मला ती बर्फाच्या मुलखातली गोष्ट आठवली.
एका देवाच्या आईला पोराचं वाईट स्वप्न पडतं.
ती उठते, विस्तवाला म्हणते, शपथ घे.
पाण्याला, लोखंडाला, आजाराला, इखाला,
वाटेतल्या एकेका धोंड्याला थांबवून :
माझ्या लेकराला लागू नकोस.
सगळे घेतात.
बांडगूळ तेवढं राहतं.
कोवळं, भुईला पाय नसलेलं,
त्याला काय विचारायचं?

"मग?" विरूपाक्ष विचारतो.
मग कुणीतरी त्याचाच बाण केला
आणि आंधळ्या भावाच्या हातात दिला.

कोपीत चिडीचूप. मी घाईनं पुढं नेते :
आता तिकडं नाताळात तेच दारावर टांगतात,
खाली जो सापडेल त्याचा मुका घ्यायचा.
खी खी खी. विरूपाक्ष बाहेरून डहाळी आणतो,
आज्जीच्या डोक्यावर धरतो,
गालाचा पापा घेतो.

आई आंबिलीच्या बिंदग्याशी बसलेली. हसत नाही.
"त्या बाईनं," विचारते, "भिंतीला इचारलं हुतं का?"

मन्मथसाठी तिनं विहिरीला नारळ दिला होता,
वारुळाला दूध, तेरणेच्या पुराला खण,
काळ्या दोऱ्यात बिब्बा, अमावस्येला लिंबू.
भिंत तर घरचीच. तीन हात रुंद,
दादांनी एकेक दगड बसवलेली,
थंडीत पाठ टेकली की ऊब देणारी.
गणपती बुडवून पोरगा उशिरा आला,
तिच्याच कडेला निजला.
पहाट व्हायची होती.

नव्या गावातल्या घरात
आई रोज निजण्याआधी भिंतीला तळवा लावते,
बराच वेळ.
मला वाटायचं, ओल बघते.

"शेंड्याला एक राहिलंय," वरून बसलिंगदादा,
"काढू का?"
तिथं एक इवलासा फुलटोच्या
चिकट बी फांदीला पुसत बसलाय.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणते,
"पन त्याला सांगून ठिव."